अणुभट्टीच्या गणिताचा ताळा

दाबयुक्त पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या अणुभट्टीचा गाभा साधारण साडेतीन मीटर रुंद आणि जवळजवळ तितकाच उंच असतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात असलेल्या वॉट्स बार केंद्राच्या पहिल्या भट्टीत 193 इंधनजुडगे आहेत. प्रत्येक जुडग्यात 17 गुणिले 17 अशा 289 जागा असतात. त्यांपैकी 264 जागी इंधनकांड्या, 24 जागी नियंत्रण दांडे खाली उतरवण्याच्या नळ्या आणि मधोमध मोजणीच्या उपकरणाची एक नळी. म्हणजे गाभ्यात एकूण 50,952 इंधनकांड्या झाल्या. त्यांतली कुठली कांडी कुठल्या उंचीवर सर्वांत जास्त तापणार, हे भट्टी चालवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावे लागते, कारण सुरक्षिततेच्या मर्यादा सरासरीला नव्हे, तर सर्वांत तापलेल्या जागेला लागू होतात.

ही जागा प्रत्यक्ष मोजता मात्र येत नाही. या घडणीच्या भट्ट्यांत शोधकउपकरणे साधारण 58 जुडग्यांच्या मधल्या नळीतच सरकवता येतात. उरलेल्या जुडग्यांत काय चालले आहे आणि कुठल्याही जुडग्यातल्या एकेका कांडीत किती शक्ती निर्माण होते आहे, याचा आकडा सॉफ्टवेअर देते. तो बरोबर आहे की नाही हे मोजमापावरून थेट ठरवता येत नसेल, तर त्याचा ताळा पाहायचा कसा? अणुभट्टी भौतिकीत गेली पन्नासेक वर्षे यावर रुळलेला उपाय म्हणजे संदर्भगणित. रोजच्या वापरातले वेगवान सॉफ्टवेअर जो प्रश्न मिनिटांत सोडवते, तोच प्रश्न कितीतरी अधिक काटेकोर आणि कितीतरी संथ पद्धतीने सोडवायचा आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची.

रोजच्या सॉफ्टवेअरला घाई का करावी लागते, हे मूळ प्रश्नाच्या आकारावरून कळते. गाभ्यातल्या न्यूट्रॉनांचा हिशेब एका समीकरणात मांडता येतो. लुडविग बोल्ट्झमन यांनी 1872 मध्ये वायूंच्या रेणूंसाठी लिहिलेल्या समीकरणाचेच ते एक रूप आहे. त्यात सात चल राशी येतात: स्थानाच्या तीन, दिशेच्या दोन, ऊर्जा आणि काळ. विखंडनातून जन्मणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा सुमारे 20 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटत आपटत ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या चाळिसाव्या भागापर्यंत उतरते. या उतारावर युरेनियम-238 ची अणुकेंद्रे काही ठरावीक ऊर्जांना न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतात. 6.67 इलेक्ट्रॉनव्होल्टची जागा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ऊर्जेतला इतका बारीक तपशील, पन्नास हजार कांड्या आणि प्रत्येक कांडीचे उंचीनुसार तुकडे, एवढे सगळे जसेच्या तसे रोज सोडवत बसणे केंद्राच्या अभियंत्याला परवडत नाही.

म्हणून प्रश्न टप्प्याटप्प्याने लहान केला जातो. आधी एकच जुडगा घेऊन त्याचे सविस्तर गणित होते. त्यातून त्या जुडग्याचे सरासरी गुणधर्म निघतात, आणि कांड्या, पाणी, धातूचे वेष्टण हे सगळे विरघळून एकजीव झालेला एक चौकोनी ठोकळा उरतो. मग असे ठोकळे रचून अख्खा गाभा सोडवतात. या दुसऱ्या टप्प्यात ऊर्जेचे बहुधा दोनच गट धरलेले असतात, जलद आणि मंद. न्यूट्रॉनांच्या दिशांचा तपशीलही गाळून त्यांची हालचाल विसरणासारखी मानलेली असते. शेवटी एकेका कांडीची शक्ती उलट्या वाटेने पुन्हा बांधून काढतात. यात किमान चार ठिकाणी आडवाट पकडलेली आहे, आणि प्रत्येक आडवाटेची चूक वेगळ्या स्वभावाची असते.

तुलनेसाठी सर्वांत आधी पाहिला जाणारा आकडा म्हणजे गुणनांक. न्यूट्रॉनांच्या एका पिढीतून पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन येतात, त्याचे हे गुणोत्तर. ते बरोबर 1 असेल तर साखळी स्थिर चालते. त्यातला फरक पीसीएम या एककात सांगतात, आणि 1 पीसीएम म्हणजे एक लाखांश. एकक इतके लहान निवडण्यामागे कारण आहे. युरेनियम-235 च्या विखंडनात सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन काही काळ उशिरा बाहेर पडतात, आणि भट्टी माणसाच्या व यंत्रांच्या ताब्यात राहते ती याच मागे रेंगाळणाऱ्यांमुळे. म्हणजे नियंत्रणाची सगळी मोकळीक 650 पीसीएमच्या आतली. त्या मानाने 200 पीसीएमची चूक लहान म्हणता येत नाही. न्यूट्रॉन शोषण्यासाठी भट्टीच्या पाण्यात विरघळवलेल्या बोरॉनच्या भाषेत ती साधारण 20 पीपीएमची चूक होते. अमेरिकेतल्या मानकानुसार भट्टी सुरू करताना भाकीत आणि मोजलेले बोरॉन यांत 50 पीपीएमपेक्षा जास्त अंतर पडले, तर कारण शोधावे लागते.

संदर्भगणितासाठी आज सर्वाधिक वापरली जाते ती माँटे कार्लो पद्धत. 1946 मध्ये आजारातून बरे होताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव लावत बसलेल्या स्टॅनिस्लाव्ह उलाम यांना ती सुचली. जॉन फॉन नॉयमन यांनी ती न्यूट्रॉनांना लागू करण्याचा आराखडा केला, आणि 1948 मध्ये एनिॲक या संगणकावर ती पहिल्यांदा चालवली गेली. या पद्धतीत समीकरण सोडवायचेच नसते. एक न्यूट्रॉन घ्यायचा, तो किती अंतर जाऊन कशावर आपटेल आणि तिथे त्याचे काय होईल हे यादृच्छिक संख्यांवरून ठरवायचे आणि त्याची कहाणी संपेपर्यंत त्याच्या मागे जायचे. मग पुढचा न्यूट्रॉन. कांडीचा गोल आकार गोलच राहतो, ऊर्जेचे गट पाडावे लागत नाहीत, ठोकळे करावे लागत नाहीत. लॉस अलामॉसचे एमसीएनपी, फिनलंडचे सर्पंट, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुरू झालेले ओपनएमसी ही या घराण्यातली प्रसिद्ध सॉफ्टवेअर.

या काटेकोरपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. उत्तरातली सांख्यिकीय अनिश्चितता न्यूट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे घटते. ती दहापट कमी करायची तर शंभरपट न्यूट्रॉन सोडावे लागतात. गुणनांकासाठी हे जमते, कारण त्या एका आकड्यात सगळे न्यूट्रॉन हातभार लावतात. एका कांडीच्या काही सेंटिमीटरच्या तुकड्यात मात्र त्यांतले मोजकेच येतात. भट्टी भौतिकीचे जाणकार कॉर्ड स्मिथ यांनी 2003 मध्ये अख्ख्या गाभ्यात एक टक्का अचूकतेने असे कोट्यवधी स्थानिक आकडे काढण्याचे आव्हान मांडले. साध्या संगणकावर तासाभरात हे व्हायला 2030 साल उजाडेल, असा त्यांचा अंदाज होता.

त्याहून अवघड गोष्ट अशी की माँटे कार्लोचे उत्तर स्वतःच्या अचूकतेविषयी फसवू शकते. ओक रिज प्रयोगशाळेतल्या व्हाइटसाइड्स यांनी 1971 मध्ये मांडलेले उदाहरण आजही शिकवले जाते. प्लुटोनियमचे लहान गोळे 9 गुणिले 9 गुणिले 9 अशा रचनेत, म्हणजे एकूण 729. सगळी रचना मिळूनही साखळी टिकत नाही, गुणनांक 1 च्या खाली राहतो. आता फक्त मधला गोळा काढून तिथे एकटाच साखळी चालवू शकेल इतका मोठा गोळा ठेवायचा. रचनेचा गुणनांक आता निदान 1 व्हायलाच हवा. पण गणिताची सुरुवात सगळ्या गोळ्यांत सारखेच न्यूट्रॉन पेरून केली, तर त्या मधल्या गोळ्याच्या वाट्याला 729 पैकी एकच वाटा येतो. त्याची बाजू वरचढ ठरायला पुष्कळ पिढ्या लागतात. तोवर उत्तर 1 च्या खालीच घुटमळते, आणि शेजारी छापलेली अनिश्चितता अगदी लहान दिसते. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर भात सगळीकडे सारखा शिजलेला असावा लागतो.

खऱ्या मोठ्या गाभ्यातही हीच अडचण सौम्य रूपात असते. एका टोकाचे न्यूट्रॉन दुसऱ्या टोकापर्यंत क्वचितच पोचतात, त्यामुळे दोन बाजूंमधला तोल हळूहळू बसतो. म्हणून संदर्भगणित करणारा पहिल्या शेकडो पिढ्या मोजणीत धरतच नाही, आणि वेगवेगळ्या यादृच्छिक संख्या घेऊन तेच गणित स्वतंत्रपणे अनेकदा करतो. अनेक उत्तरांमधले प्रत्यक्ष अंतर हे एका उत्तराने स्वतःविषयी सांगितलेल्या अंतरापेक्षा पुष्कळदा मोठे निघते. संदर्भाचा आकडा या चाळणीतून आला आहे का, हे न विचारता त्याच्याशी तुलना करणे ही या क्षेत्रातली नेहमीची घाई आहे.

सर्वांनी एकाच प्रश्नावर आपापली सॉफ्टवेअर ताडून पाहावीत म्हणून प्रश्नांचे संग्रह तयार झाले. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेने काढलेल्या संग्रहाच्या 1977 च्या पुरवणीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा एक त्रिमितीय प्रश्न आहे. 177 जुडग्यांचा गाभा, 20 सेंटिमीटर रुंदीचे जुडगे, ऊर्जेचे दोन गट आणि काही दांडे पूर्ण, तर काही अर्धवट आत घातलेले. त्याचा संदर्भ गुणनांक 1.02903. हे उत्तर माँटे कार्लोने काढलेले नाही. विसरणाचे समीकरण अधिकाधिक बारीक जाळीवर सोडवत नेले आणि जाळीचा आकार शून्य झाल्यास उत्तर कुठे स्थिरावेल याचा अंदाज बांधला. जुडग्यामागे एकच ठोकळा धरूनही शक्तीचे वाटप सुमारे एक टक्क्यापर्यंत अचूक देता येते, हे नव्या पद्धतींनी या प्रश्नावर दाखवून दिले, आणि उद्योगात त्या रुजल्या.

हा संदर्भ कशाचा आहे, हे मात्र नीट पाहायला हवे. तो विसरण समीकरणाच्या उत्तराचा संदर्भ आहे. दिशांचा तपशील सांभाळणारे अधिक सरस सॉफ्टवेअर याच प्रश्नाला थोडे वेगळे उत्तर देईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलेला सी5जी7 हा प्रश्न दुसऱ्या टोकाचा. ठोकळे न करता, एकेक कांडी वेगळी ठेवून सॉफ्टवेअर कितपत टिकते, ते यात पाहायचे होते. 16 जुडग्यांचा छोटा गाभा. चारही बाजूंनी सारखा असल्यामुळे त्याचा पाव भाग, म्हणजे चारच जुडगे सोडवायचे. दोन जुडगे युरेनियमचे, दोन प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनाचे, आणि बाहेर पाणी. प्लुटोनियम मंद न्यूट्रॉन इतके जोरात शोषते की दोन इंधनांच्या सीमेवर अवघ्या एक-दोन कांड्यांच्या अंतरात न्यूट्रॉनांची संख्या झपाट्याने बदलते. विसरणाची कल्पना मोडते ती नेमकी अशा जागी. सात ऊर्जागटांचे काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन शोषला जाण्याच्या, विखुरण्याच्या, विखंडन घडवण्याच्या शक्यतांचे आकडे, प्रश्नातच दिलेले आहेत. त्यामुळे कोणाची अणुमाहिती चांगली हा वाद उरत नाही. तपासले जाते ते फक्त सोडवण्याचे कसब.

द्विमितीय रूपाचा संदर्भ गुणनांक 1.18655 आहे, आणि पुष्कळ सॉफ्टवेअर त्याच्या बऱ्यापैकी जवळ पोचतात. कस लागतो तो पुढच्या कोष्टकात. एकूण शक्ती 1056 कांड्यांसाठी 1056 धरली, तर संदर्भानुसार आतल्या युरेनियम जुडग्यात 492.8, प्लुटोनियमच्या प्रत्येक जुडग्यात 211.7 आणि बाहेरच्या युरेनियम जुडग्यात 139.8 इतकी शक्ती येते. सर्वांत तापलेली कांडी सरासरीच्या 2.498 पट. बाहेरच्या जुडग्यात पाण्याकडेच्या कोपऱ्यातली शक्ती अगदी कमी, आणि बहुतेकांची टक्केवारीतली चूक तिथेच फुगते. ही चूक सुरक्षिततेच्या दृष्टीने किरकोळ. सर्वांत तापलेल्या कांडीत एक टक्का चूक असेल तर ती किरकोळ नाही. त्यामुळे सर्व कांड्यांच्या चुकांची एकच सरासरी छापणारा अहवाल वाचकाला फारसे काही सांगत नाही. सर्वांत मोठी चूक किती आणि ती नेमकी कुठल्या कांडीत, हेही छापलेले असावे लागते.

सरासरी आणि एकूण आकडे फसवतात, कारण चुका परस्परांना खोडतात. गाभ्यातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन जरा कमी मोजले गेले आणि युरेनियम-238 ने गिळलेले जरा जास्त, तर गुणनांक अगदी बरोबर येऊ शकतो. हे उघडे पाडण्याची एक साधी रीत आहे. गणिताची जाळी बारीक करत जायचे, दिशांची संख्या वाढवत जायचे आणि उत्तर कुठे सरकते ते पाहायचे. जाडजूड जाळीवर संदर्भाशी तंतोतंत जुळणारे उत्तर जाळी बारीक केल्यावर दूर जाऊ लागले, तर ते आधीचे जुळणे निव्वळ योगायोग होता. अशा वेळी जाडजूड जाळीचा आकडा ठेवून पुढे जाण्याचा मोह मोठा असतो, कारण तो दिसायला सुंदर असतो आणि स्वस्तही पडतो.

चुका वेगळ्या करण्याची दुसरी रीत म्हणजे प्रश्नच पायरीपायरीने मोठा करणे. अमेरिकेत ओक रिजच्या नेतृत्वाखाली 2010 ते 2020 चाललेल्या कासल या प्रकल्पात व्हेरा नावाची सॉफ्टवेअर मालिका घडली, आणि तिच्यासाठी वॉट्स बारच्या पहिल्या भट्टीवर बेतलेले दहा प्रश्न ठरले. पहिल्या प्रश्नात एकच इंधनकांडी आहे, सभोवार तशाच अनंत कांड्या आहेत असे मानून. न्यूट्रॉन बाहेर निसटण्याचा प्रश्नच नाही, शेजारी वेगळे इंधन नाही. म्हणजे चूक निघालीच तर ती बव्हंशी ऊर्जेच्या हाताळणीतली. इथेच इंधनाचे तापमान चार टप्प्यांत 565 केल्व्हिनपासून 1200 केल्व्हिनपर्यंत वाढवत नेतात. तापलेले युरेनियम-238 अधिक विस्तृत ऊर्जापट्ट्यात न्यूट्रॉन गिळते, त्यामुळे गुणनांक घसरतो. ही घसरण भट्टीला आपोआप लगाम घालते. म्हणून चारही तापमानांना सारखीच 100 पीसीएम चूक असलेले सॉफ्टवेअर हे कमी तापमानाला अचूक आणि जास्त तापमानाला 100 पीसीएम चुकणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा विश्वासार्ह ठरते. पहिल्यात उतार बरोबर आहे, दुसऱ्यात तोच बिघडला आहे.

पुढच्या पायऱ्यांवर एक जुडगा, मग त्रिमितीय जुडगा, मग नऊ जुडग्यांत दांडा वरखाली करणे आणि पाचव्यात जवळजवळ शून्य शक्तीवरचा अख्खा गाभा. इथपर्यंत माँटे कार्लोचा संदर्भ चांगली साथ देतो. सहाव्या प्रश्नापासून वाहते पाणी, उष्णता, इंधनाचे जळणे आणि शेवटी इंधनबदल असे सगळे एकत्र येते. तिथे संदर्भ मिळवणेच इतके महाग होते की भिस्त प्रत्यक्ष केंद्राच्या नोंदींवर वळते.

त्या नोंदींकडे वळण्याआधी एक दुवा राहतो. सॉफ्टवेअर आणि संदर्भ दोन्ही एकाच अणुमाहिती संग्रहावर चालले, तर त्या संग्रहातली चूक दोघांतही सारखीच उतरते आणि तुलनेत दिसतच नाही. अमेरिकेचा ईएनडीएफ, युरोपीय जेफ आणि जपानी जेंडल हे तीन मोठे संग्रह. दोघांना वेगळे संग्रह दिले, तर तेवढ्यानेच शेकडो पीसीएमचा फरक पडू शकतो, आणि मग तो सोडवण्याच्या पद्धतीतला दोष समजला जातो. संग्रह तपासायचे ते प्रयोगांवर. लॉस अलामॉस इथे 1950 च्या दशकात गोडायव्हा नावाचा, उच्च समृद्ध युरेनियमचा उघडा गोळा साखळी टिकण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर आणला गेला. आज तो जगभर तपासणीचा पहिला प्रयोग आहे. पण संग्रह तयार करणारेही विखंडनात सरासरी किती न्यूट्रॉन निघतात यांसारखे आकडे मोजमापाच्या अनिश्चिततेच्या आत, गोडायव्हाचा गुणनांक 1 येईल असे बसवून घेतात. त्यामुळे नंतर कोणी गोडायव्हावर अचूक उत्तर मिळवले, तर त्यात संग्रहाची स्वतंत्र परीक्षा फारशी झालेली नसते.

प्रत्यक्ष भट्टीचा पुरावाही निर्मळ नसतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 2013 मध्ये बीव्हर्स नावाचा प्रश्न खुला केला. नाव न सांगितलेल्या, 193 जुडग्यांच्या एका चालू भट्टीची रचना आणि तिच्या पहिल्या दोन फेऱ्यांची मोजमापे त्यात आहेत. आराखड्याप्रमाणे गाभा चारही बाजूंनी सारखा असायला हवा. मोजमापांत मात्र शक्ती एका बाजूला किंचित झुकलेली दिसते, आणि आराखड्यात त्याचे कारण सापडत नाही. सममित गाभा सोडवणारे सॉफ्टवेअर कितीही निर्दोष असले तरी हा कल त्याच्या उत्तरात येणार नाही.

मोजमाप स्वच्छ हवे असेल तर त्यासाठी वेगळी, जवळजवळ शून्य शक्तीची भट्टी लागते. तिथे तापमान स्थिर असते, इंधन जळत नाही, रचना बदलता येते. मुंबईत तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एप्रिल 2008 मध्ये अशी भट्टी सुरू झाली. तिची शक्ती अवघी 100 वॅट, जुन्या घरगुती दिव्याइतकी. थोरियमवर आधारित प्रगत जड पाण्याच्या भट्टीचे गणित तपासण्यासाठी ती प्रामुख्याने उभारली गेली. थोरियमच्या इंधनरचनांवरचे जुने प्रयोग युरेनियमच्या मानाने फार थोडे आहेत, त्यामुळे तिथे परक्या आकड्यांवर विसंबून भागत नाही. तारापूरच्या 540 मेगावॉट भट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या मोठ्या गाभ्यांतही दोन बाजूंमधला तोल सैल असतो, आणि शक्तीचे वाटप विभागवार सांभाळावे लागते. तिथे सॉफ्टवेअरकडून कळायला हवे ते विभागांमधले वाटप, नुसता गुणनांक नव्हे.

या सगळ्या तुलनांतून शेवटी दोन आकडे बाहेर पडतात. सॉफ्टवेअर नेहमी एकाच बाजूला किती चुकते हा एक, आणि त्याभोवती उत्तर किती विखुरते हा दुसरा. पहिला वजा करतात. दुसरा, पुरेशी खातरी राहील इतका वाढवून, सर्वांत तापलेल्या कांडीच्या शक्तीत मिळवतात, आणि एवढे करूनही मर्यादा ओलांडली जात नाही हे नियामकाला दाखवतात. हे आकडे ज्या इंधनावर, ज्या तापमानांत आणि ज्या रचनांत काढले तेवढ्यापुरतेच चालतात. समृद्धी वाढली, नवे शोषक द्रव्य आले किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली, की एका कांडीच्या प्रश्नापासून ताळा पुन्हा पाहिला जातो.